एका पंपाचे दोन धनी
यंत्र आणि व्यवहार

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत विजेच्या मिक्सरपासून विहिरीवरच्या पंपापर्यंत नाना विषय असतात. टिळकवाडीच्या एका भगिनींचे या महिन्यातील पत्र मात्र जरा निराळे आहे. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात असतात. तेथे त्यांनी एक जुनी जीप विकत घेतली असून सुटीच्या दिवशी मित्रांसह ती डोंगरातल्या दगडधोंड्यांच्या वाटांवर चालविण्याचा छंद त्यांना जडला आहे. आता स्टिअरिंगचा दांडाच काढून टाकायचा, चाके केवळ तेलाच्या दाबाने वळवायची आणि अडकलेली गाडी ओढून काढणारा विंचही त्याच पंपावर चालवायचा, असा त्यांचा बेत आहे. दांडाच नसेल तर गाडी वळणार कशी, आणि यात भिण्याजोगे काही आहे की नाही, एवढेच त्या माउलीला हवे आहे.

प्रश्न काळजीपोटी विचारलेला असला, तरी त्यात यंत्रशास्त्रातील दोन मूलभूत प्रश्न दडलेले आहेत. एकाच शक्तीवर दोन कामे सोपविली, तर आधी कोणाचे भागवायचे? आणि ती शक्तीच नाहीशी झाली, तर हाती काय उरते? या दोहोंची उत्तरे नीट समजली, की बाकीचा तपशील फिटरवर सोपविता येतो.

प्रथम ती वाट कशी असते ते पाहू. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात रुबिकॉन नावाची एक प्रसिद्ध वाट आहे. जॉर्जटाउन गावाच्या बाजूने ताहो सरोवराकडे जाणारी ही वाट सुमारे ३५ किलोमीटरांची आहे. १९५३ साली या वाटेवर जीपगाड्यांचा पहिला मोठा मेळावा निघाला आणि ती प्रथा पुढे चालू राहिली. त्याच प्रांताच्या दक्षिण भागात, मोहावी वाळवंटातील जॉन्सन व्हॅली येथे २००७ सालापासून ‘किंग ऑफ द हॅमर्स’ नावाची शर्यत होऊ लागली. तिच्यात वाळवंटातील भरधाव धाव आणि खडकांवरील मुंगीच्या पावलांची चढण या दोहोंची परीक्षा लागते.

अशा ठिकाणी मूळ जीपची चाके पुरी पडत नाहीत. म्हणून हौशी मंडळी तीन फुटांहून अधिक उंचीचे रुंद टायर बसवितात. खडकाला घट्ट धरावे म्हणून त्यांतील हवा बरीच कमी करतात. पुढची दोन्ही चाके एकाच गतीने फिरावीत म्हणून आसातील दंतचक्रेही जखडून ठेवतात. या तिन्ही गोष्टींनी गाडी चढते खरी, पण स्टिअरिंग विलक्षण जड होते. त्यात गाडी जागच्या जागी उभी आणि एक चाक दोन धोंड्यांच्या फटीत रुतलेले, अशी स्थिती असेल, तर धट्टाकट्टा माणूसही केवळ मनगटाच्या बळावर ते चाक वळवू शकत नाही. तेलाचे साहाय्य तेथे अटळ ठरते.

तेलाच्या या सामर्थ्याचे मूळ पास्कल या फ्रेंच पंडिताच्या सिद्धांतात आहे. १६६२ साली तो वारला आणि त्याचा द्रवांच्या समतोलावरील प्रबंध पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे त्याचे सार. लहान दट्ट्यावर थोडा जोर दिला, तर मोठ्या दट्ट्यावर तो अनेक पटींनी प्रकट होतो. या तत्त्वावर इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ साली दाबयंत्राचे पेटंट घेतले. मोटारीच्या स्टिअरिंगला तेलाचे साहाय्य देण्याचे श्रेय मुख्यतः फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याकडे जाते. पिअर्स-ॲरो कंपनीच्या मालमोटारींवर काम करताना चालकांचे कष्ट त्याच्या ध्यानात आले होते. १९२६ साली त्याने आपली रचना गाडीवर चालवून दाखविली. तथापि सामान्य ग्राहकाच्या मोटारीत ती यायला १९५१ साल उजाडले. त्या वर्षी क्रायस्लर कंपनीने आपल्या इंपीरियल गाडीत ती प्रथम दिली.

आता पंपाचा स्वभाव समजून घेऊ, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा हा लहानसा पंप दर फेऱ्याला ठरावीक तेल पुढे ढकलतो. दाब तो स्वतः निर्माण करीत नाही. पुढे अडथळा असेल तेवढाच दाब चढतो. नळाला जोडलेली रबरी नळी मोकळी असताना पाणी नुसते वाहते आणि तोंडावर अंगठा धरला की नळी ताठ होते, तसाच हा प्रकार आहे. दाबावरून बळ ठरते आणि प्रवाहावरून वेग ठरतो, हे एक वाक्य ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

एक हिशेब करून पाहू. दट्ट्याचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर आहे आणि तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ७० किलो आहे, असे धरू. दट्ट्या ७०० किलोंचा रेटा देईल. पंपातून मिनिटाला ८ लिटर तेल येत असेल, तर तो दट्ट्या २० सेंटिमीटरांचे अंतर दीड सेकंदात तोडेल. जोर दुप्पट हवा म्हणून २० चौरस सेंटिमीटरांचा दट्ट्या बसविला, तर रेटा १४०० किलोंचा होईल, पण तेवढ्याच अंतराला तीन सेकंद लागतील. बळ वाढले, वेग निम्मा झाला. चालकाचे हात पुढे आणि चाके मागे, असा अनुभव मग येऊ लागतो. शिवाय खडकांत गाडी अगदी हळू चालते, म्हणजे इंजिनही मंद फिरते, आणि पंपाचा प्रवाह नेमका त्याच वेळी सर्वांत कमी असतो. म्हणूनच तिकडचे जाणकार पंपाला लहान चक्री बसवून तो अधिक वेगाने फिरवितात.

पंपाच्या दुसऱ्या धन्याचे, म्हणजे विंचचे, रूप आपल्या ओळखीचे आहे. विहिरीवरच्या रहाटासारखाच तो एक रूळ. त्यावर दोर गुंडाळलेला. दोराचे टोक झाडाला किंवा खडकाला बांधायचे आणि रूळ फिरवून गाडीने स्वतःलाच ओढून घ्यायचे. हा रूळ विजेच्या मोटरीने फिरविता येतो, तसाच तेलाच्या मोटरीनेही फिरविता येतो. विजेचा विंच पूर्ण भाराखाली १२ व्होल्टच्या बॅटरीतून ४०० अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. गाडीचे पुढचे दोन्ही दिवे मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात, यावरून ही भूक किती मोठी ते कळेल. त्यामुळे त्याला मधून मधून विसावा द्यावा लागतो. तेलाचा विंच सावकाश चालतो, पण थकत नाही. बॅटरी रिकामी करीत नाही आणि पाण्याखालीही काम करतो. भार प्रमाणाबाहेर गेला, की सुरक्षा-झडप उघडून तेल परतीच्या वाटेला लागते आणि विंच जागच्या जागी थांबतो. इंजिन बंद पडले, की मात्र त्याचा काहीच उपयोग नाही.

गाडीत पंप आधीच आहे, तर विंच त्यालाच जोडला म्हणजे दुसरा खर्च वाचला, असा विचार कोणाच्याही मनात येईल. तो चूक नाही, पण जोडणी कशी करायची यावर सारे अवलंबून आहे.

आपल्या भागातील शेतकऱ्याला हे पाटाच्या पाण्यावरून चटकन उमजेल. एका पाटावर दोन शेते आहेत. दोन्ही बांध एकदम फोडले, तर पाणी सखल शेताकडे धावते आणि उंचवट्यावरचे शेत कोरडे राहते. तेलाची वाट दोन फाट्यांत विभागून एक फाटा स्टिअरिंगला आणि एक विंचला दिला, तर हेच घडते. विंचवर हलका भार असून त्याला २० किलोंचा दाब पुरत असेल, आणि रुतलेली चाके वळवायला ६० किलोंचा दाब हवा असेल, तर सगळे तेल विंचकडे पळते. स्टिअरिंग उपाशी राहते.

दुसरी तऱ्हा अशी की, तेल आधी विंचमधून न्यायचे आणि तेथून बाहेर पडलेले तेच तेल स्टिअरिंगला द्यायचे. यात प्रवाह दोघांनाही पुरा मिळतो, पण दाब वाटला जातो. पंपाची मर्यादा १०० किलोंची आणि विंचने भारी ओढीसाठी ८० किलो खाल्ले, तर स्टिअरिंगच्या वाट्याला २० किलो उरतात. अडकलेली गाडी दोराने वर येत असताना पुढची चाके योग्य दिशेला धरून ठेवावी लागतात. नेमक्या त्याच वेळी स्टिअरिंगचे बळ खचते.

यावरचा उपाय यंत्रशास्त्राने पूर्वीच शोधून ठेवला आहे. दुष्काळात गावाने ठरवावे की पिण्याचे पाणी आधी, उरेल ते उसाला, तशी ही योजना आहे. तिला अग्रक्रमाची झडप म्हणता येईल. तिच्यातील लहानसा सरकता दांडा स्टिअरिंगला किती तेल हवे ते एका बारीक नळीतून येणाऱ्या दाबावरून ओळखतो, तेवढे आधी तिकडे सोडतो आणि उरलेलेच पुढच्या कामाला देतो. ट्रॅक्टर आणि माती उपसणाऱ्या यंत्रांत ही रचना सर्रास आढळते. खोरे उचलताना यंत्राने वळणे विसरू नये, हाच तिचा हेतू. ज्यांना खर्चाची फिकीर नाही ते दोन स्वतंत्र पंप बसवितात, एक केवळ स्टिअरिंगचा आणि दुसरा विंचचा. पंप सामाईकच ठेवायचा असेल, तर स्टिअरिंगचा पहिला हक्क लोखंडात कोरलेला असला पाहिजे. ऐन वेळी चालकाने तारतम्य वापरावे, ही अपेक्षा अशा जागी पुरी पडत नाही.

आता दांडा काढून टाकण्याचा प्रश्न. स्टिअरिंगच्या चक्रापासून चाकांपर्यंत नुसत्या नळ्याच असलेली वाहने आपण रोज पाहतो. रस्त्याच्या कामावरील पिवळी खोदयंत्रे आणि गोदामातील माल उचलणाऱ्या गाड्या त्याच जातीच्या. चक्र फिरविले, की त्याखालची झडप मोजून मापून तेल सोडते आणि ते तेल दट्ट्याला डावी-उजवीकडे ढकलते. दांड्याला जागा नको, खडकाचा हिसका हाताला बसत नाही आणि बळ भरपूर मिळते. खडकांच्या शर्यतीतील गाड्यांत ही रचना रूढ झाली, ती याच गुणांमुळे.

पण खोदयंत्र रस्त्याने धावते ते बेताच्या वेगाने. शर्यतीची गाडी मैदानापर्यंत दुसऱ्या वाहनावर चढवून आणतात आणि तशीच परत नेतात. सार्वजनिक रस्त्यावर भरधाव चालणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी आहे. पट्टा तुटला, नळी फुटली किंवा इंजिन बंद पडले, तर दांडा असलेल्या गाडीत स्टिअरिंग जड होते, पण चाके वळतात. नळी फुटून तेल निघून गेल्यावर दांडा नसलेल्या गाडीत चक्र हातात नुसते फिरत राहते. इंजिन बंद पडले आणि तेल शाबूत असले, तर चक्र फिरवून हातपंपासारखे थोडे तेल ढकलता येते, पण मोठ्या टायरांपुढे त्या बळाचा निभाव लागत नाही. शिवाय बंद इंजिनाबरोबर ब्रेकला मिळणारे साहाय्यही दोन-चार दाबांतच संपते. म्हणजे उतारावर इंजिन बंद पडताच विंच थांबला, स्टिअरिंग गेले आणि ब्रेकही जड झाला.

म्हणून त्या चिरंजीवांना आईने खुशाल सांगावे की, मधला मार्ग उपलब्ध आहे. स्टिअरिंगचा दांडा आणि दंतचक्रांची पेटी जशीच्या तशी ठेवायची. पेटीला दोन छिद्रे पाडून तेथून तेल घ्यायचे आणि पुढच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर एक साहाय्यक दट्ट्या बसवायचा. एरवी तो दट्ट्या आपला रेटा पेटीच्या जोडीला देतो आणि तेल गेले तरी लोखंडी दुवा कायम राहतो. जीप शनिवारी डोंगरात आणि सोमवारी कचेरीच्या रस्त्यावर जाणार असेल, तर हाच मार्ग शहाणपणाचा. नुसत्या तेलावरचे स्टिअरिंग केवळ मैदानापुरत्या वापरायच्या गाडीसाठी राखून ठेवावे.

या मधल्या मार्गालाही पथ्ये आहेत. पूर्वी माणसाचे मनगट थकत असे, म्हणून लोखंड वाचत असे. आता ७०० किलोंचा रेटा आला, की कमजोर आडवा दांडा वाकतो किंवा पेटी गाडीच्या सांगाड्यावरून उखडते. तेव्हा दट्ट्या बसविण्याआधी दांडे आणि पेटीचे आधार मजबूत करून घ्यावेत. चाके वळण्याची जी शेवटची मर्यादा असते, तेथे आसावरचा लोखंडी अडसर आधी लागला पाहिजे. ते काम दट्ट्याच्या टोकावर सोडू नये.

तिसरे पथ्य उष्णतेचे. चक्र शेवटपर्यंत वळवून तसेच दाबून धरले, तर तेलाला जायला वाट उरत नाही आणि ते सुरक्षा-झडपेतून घुसमटत फिरू लागते. १०० किलोंचा दाब आणि मिनिटाला १० लिटर प्रवाह असेल, तर दीड किलोवॉटहून अधिक शक्तीची निव्वळ उष्णता होते. ती बादलीतले पाणी तापविणाऱ्या विजेच्या सळईइतकी आहे. त्या यंत्रणेत तेल दोनच लिटर असेल, तर ते दर सेकंदाला जवळजवळ अर्ध्या अंशाने तापेल. काही उष्णता लोखंडाने शोषली, तरी मिनिटाभरात तेल कढत होऊन पातळ पडते, फेसाळते आणि पंप विव्हळू लागतो. यासाठी तेलाची टाकी मोठी असावी, परतीच्या वाटेवर गाळणी आणि तेल थंड करणारी जाळी बसवावी आणि चक्र टोकाला नेऊन धरून ठेवू नये. या टाकीत ब्रेकचे तेल चुकूनही ओतू नये. त्याने आतील रबरी सील फुगून खराब होतात.

आपल्याकडील तरुणांनाही जुन्या जीपगाड्या नटविण्याची हौस आहे, म्हणून एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२व्या कलमानुसार, उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाला सोडून गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच आशयाचा निर्णय दिला. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक पंप आणि झडपा बनविणारे कुशल कारागीर आहेत, हे आपले भाग्यच. पण त्यांच्या हाती यंत्र असले, तरी रस्त्यावर उतरण्याची परवानगी कायद्याच्याच हाती आहे.

अखेरीस दोन इशारे द्यावेसे वाटतात. ते गाडीच्या मालकाइतकेच घरच्या मंडळींसाठीही आहेत, कारण गाडी उघडली, की मुलेबाळे भोवती जमतातच.

पहिला इशारा नळीचा. दाबाखालील नळीला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले, तर त्यातून निघणारी तेलाची धार त्वचेत शिरू शकते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, प्रथम फारशी दुखतही नाही. परंतु आत गेलेले तेल स्नायूंचा नाश करीत जाते आणि वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. गळती शोधताना हात कधीही फिरवू नये. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून डाग कोठे पडतो ते पाहावे. तेल टोचल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे आणि दाबाखालचे तेल आत गेले आहे, असे तेथे स्पष्ट सांगावे.

दुसरा इशारा दोराचा. ताणलेली लोखंडी दोरी तुटली, तर चाबकासारखी फटकारते. ओढ चालू असताना दोराजवळ किंवा दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये आणि दोर ओलांडू नये. दोरावर जाड गोधडी किंवा ओले पोते टाकावे, म्हणजे तुटल्यास त्याचा वेग मरतो. रुळावर किमान पाच वेढे नेहमी शिल्लक ठेवावेत, कारण भार त्या वेढ्यांच्या घर्षणावर तोललेला असतो. टोकाच्या खिळीवर त्याचा भरवसा नसतो. ओढ कमी पडू लागली, तर इंजिन रेटण्यापेक्षा मध्ये एक कप्पी घालावी. ओढ जवळजवळ दुप्पट होते, गती निम्मी होते, आणि गाडीपासून दूर थांबायला मुलांना वेळही मिळतो.

पुढील अंकी पावसाळ्यात बंद पडणाऱ्या घरगुती पंपांविषयीच्या पत्रांचा परामर्श घेऊ.